मुंबईचा कोच, ऐजॉलचं विजेतेपद

मुंबईहून हावड्याला जाणारी गाडी नागपूरमार्गे असो की अलाहाबादमार्गे, जळगाव-भुसावळ ओलांडल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही. त्यामुळे रोव्हर्स कप खेळायला कोलकात्याहून रेल्वेने मुंबईला आलेला प्रत्येक संघ आपल्या खान्देशातून गेलेला आहे. 1891 साली सुरू झालेली ही स्पर्धा देशातल्या सर्वात जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक होती. कूपरेजच्या मैदानावर मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग उतरायचे आणि मुंबईचे गिरणी, बँक, रेल्वेचे संघ त्यांना घाम फोडायचे. 2000-01 च्या मोसमानंतर रोव्हर्स कप बंद पडला. एका शतकाहून जुनी स्पर्धा गेली आणि महाराष्ट्रात फारसा कुणी हळहळलंही नाही.

त्याच काळात कूपरेजवर एक शिडशिडीत, अबोल मध्यरक्षक खेळत होता. पुढे हाच खेळाडू देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मिझोरमच्या डोंगरात जाऊन एका छोट्या क्लबला भारताचा विजेता करणार होता, आणि 2025 मध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक होणार होता. त्याचं नाव खालिद जमील. त्यांच्या कारकिर्दीकडे एका माणसाची यशकथा म्हणून पाहता येतंच. पण महाराष्ट्राच्या फुटबॉलचं काय झालं, हे समजून घ्यायलाही तिच्यासारखा दुसरा धागा नाही. जमील ज्या ज्या मुंबईकर संघासाठी राबले, तो प्रत्येक संघ राष्ट्रीय फुटबॉलमधून नाहीसा झाला. आणि ज्या मातीत त्यांना यश मिळालं, तिथे आपल्यापेक्षा पैसा कमी होता, माणसं कमी होती. फक्त क्लब जिवंत होता.

कंपनीची नोकरी, कंपनीची जर्सी

जमील यांचा जन्म 21 एप्रिल 1977 चा, कुवेतमधला. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केलं आणि तिथल्या भारतीयांचे संसार रस्त्यावर आले. एअर इंडियाच्या विमानांनी त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना मायदेशी आणलं. जमील कुटुंबही आखाती युद्धानंतर मुंबईत आलं. वाळवंटात फुटबॉल शिकलेला मुलगा मुंबईच्या मैदानांवर वाढला आणि 1997 मध्ये महिंद्राच्या संघात दाखल झाला. वर्षभरात तो एअर इंडियाकडे गेला, तिथे चार मोसम खेळला, 2002 मध्ये पुन्हा महिंद्राकडे परतला. भारताची जर्सीही त्याने घातली.

ही नावं वाचताना त्यामागची व्यवस्था लक्षात घ्यायला हवी. मुंबईचा फुटबॉल उभा होता तो कंपन्यांच्या संघांवर. टाटा, महिंद्रा, एअर इंडिया, मफतलाल, ऑर्के, आरसीएफ, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, बँका. चांगला खेळणाऱ्या पोराला कंपनी नोकरीत घ्यायची. सकाळी सराव, मग काही तास कचेरीत हजेरी, मोसमात सामन्यांसाठी सुट्टी, महिन्याच्या एक तारखेला पगार, निवृत्तीनंतर प्रॉव्हिडंट फंड. पाय मोडला तरी चूल विझत नसे. या भरवशावर गिरगाव, माहीम, वांद्रे, कल्याणपर्यंतच्या घरांतले आईबाप मुलाला खेळू द्यायचे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकून ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई ठरलेला आघाडीपटू नेव्हिल डिसूझा मुंबईच्याच मैदानांवर घडला होता. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. आजतागायत ऑलिंपिक फुटबॉलमधली ती आपली सर्वोच्च मजल आहे.

जमील या व्यवस्थेच्या अस्ताचे खेळाडू. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, पण जमील यांची ती वर्षं दुखापतींनी खाऊन टाकली. कोलकात्याच्या दोन्ही बलाढ्य क्लबांकडून त्यांना बोलावणं आलं होतं. या क्लबांच्या जर्सीवर तेव्हा मद्य कंपन्यांची नावं होती. ती छातीवर मिरवायची नाहीत म्हणून जमील यांनी नकार दिला. भारतीय फुटबॉलमध्ये त्याहून जास्त पैसा आणि नाव दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या नकाराची किंमत कळते.

सात मोसमांची तग

2007 मध्ये एस्सेल समूहाने मुंबई एफसी हा क्लब काढला. कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा संघ नव्हे, तर शहराच्या नावाने चालणारा व्यावसायिक क्लब, ही कल्पना महाराष्ट्रात नवी होती. त्याच वर्षी पुण्यात अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी सुरू केला. इंग्रज प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांनी मुंबई एफसीला दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये, आणलं. जमील या क्लबात खेळाडू म्हणून आले आणि 2009 मध्ये बत्तिसाव्या वर्षी त्याचेच प्रशिक्षक झाले. ज्यांच्यासोबत कालपर्यंत चेंडू खेळला, त्यांनाच आज संघाबाहेर बसवायचं, असं ते अवघड वळण होतं.

2009 ते 2016 या काळात जमील यांच्या मुंबई एफसीने एकही करंडक जिंकला नाही. म्हणूनच या वर्षांकडे कुणी फारसं बघत नाही. पण खरा कोच इथेच तयार झाला. कूपरेजचं नूतनीकरण निघालं तेव्हा संघाला घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत जाऊन खेळावे लागले. घरचं मैदान दीडशे किलोमीटरवर. कोलकाता आणि गोव्याचे क्लब परदेशी आघाडीपटूंवर पैसा ओतत होते. मुंबई एफसीकडे मोजके परदेशी खेळाडू आणि बाकी मुंबईच्या लीगमधून वेचलेली पोरं. अशा संघाला जमील यांनी एक शिस्त लावली. आधी गोल खायचा नाही. बचावाची रांग मोडायची नाही. चेंडू हिसकावला की चार-पाच पासांत समोरच्याच्या गोलपोस्टपर्यंत पोहोचायचं. कॉर्नर आणि फ्री किकचा सराव घोटून घोटून करायचा, कारण गरीब संघाला गोल तिथेच मिळतो. देखणा खेळ नव्हता तो. पण दर मोसमात तज्ज्ञ मुंबई एफसीला बुडीत खात्यात धरायचे आणि दर मोसमात संघ आय-लीगमध्ये टिकायचा.

आजूबाजूला मात्र पडझड चालू होती. 2010 मध्ये महिंद्राने आपला संघ बंद केला. अर्धशतक जुनं नाव एका घोषणेनिशी संपलं. 2013 मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी परवान्याच्या नव्या निकषांत बसत नाहीत म्हणून आय-लीगबाहेर गेले. आशियाई महासंघाच्या नियमांनुसार क्लब स्वतंत्र कंपनी असायला हवा होता, त्याच्या कुमार संघांची रचना हवी होती. सरकारी उपक्रमाच्या क्रीडा विभागाला ते जमण्यासारखं नव्हतं. 2012-13 मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरलेला पुणे एफसी 2015 मध्ये गुंडाळला गेला. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये आली आणि सगळा पैसा, सगळा टीव्ही तिकडे वळला. 2016 मध्ये जमील आणि मुंबई एफसी यांची वाट वेगळी झाली.

डोंगरावरचा क्लब

ऐजॉल एफसीची स्थापना 1984 ची. आय-लीगमध्ये तो 2015 मध्ये पोहोचला आणि पहिल्याच मोसमात नऊ संघांत आठवा आला. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण कॉर्पोरेट कोट्यातून थेट प्रवेश घेतलेल्या संघाला पदावनतीपासून संरक्षण होतं, म्हणून तळाचा संघ राहिला आणि त्याच्या वरचा ऐजॉल दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. त्याच महिन्यांत ऐजॉलने फेडरेशन कपच्या अंतिम फेरीपर्यंत धडक मारली होती. पुढे भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाचा निषेध म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली आणि रिकाम्या जागेवर ऐजॉलला परत घेतलं गेलं.

असा उंबरठ्यावरून आत ओढलेला संघ, आणि त्याला मिळाले नुकतेच रिकामे झालेले जमील. दोघांनाही कुणी विचारत नव्हतं. जमील मुंबईहून येताना आपल्या ओळखीची माणसं घेऊन आले. मुंबई एफसीत त्यांच्याच हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे त्यांतले महत्त्वाचे. गोलपोस्टमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मध्यात सीरियाचा महमूद अल-अमना आणि लायबेरियाचा अल्फ्रेड जारियान, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. उरलेला संघ मिझो पोरांचा: वेगवान, न थकणारा, डोंगर चढून-उतरून छाती भरलेला. मुंबईत तयार केलेली शिस्त आणि मिझोरमचा वेग यांची सांधेजोड हीच त्या मोसमाची किमया. 7 जानेवारी 2017 रोजी पहिल्याच सामन्यात त्यांनी ईस्ट बंगालला त्यांच्या घरी 1-1 असं रोखलं.

एप्रिलपर्यंत शर्यतीत दोघेच उरले, मोहन बागान आणि ऐजॉल. 22 एप्रिलला दोघे ऐजॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर समोरासमोर आले. चहूबाजूंनी हिरवे डोंगर, मधे कृत्रिम गवताचं मैदान, आणि उतारांवरून, घरांच्या गच्च्यांवरून सामना बघणारी माणसं. मोहन बागानला बरोबरीही चालण्यासारखी होती. ऐंशी मिनिटं उलटून गेली तरी गोल नाही. मग कॉर्नर आला. मुंबईत वर्षानुवर्षं घोटलेला तोच धडा. बचावपटू झोमिंगलियाना राल्ते उसळला आणि त्याच्या डोक्यावरून चेंडू जाळ्यात गेला. 1-0.

शेवटचा सामना 30 एप्रिलला शिलाँगमध्ये, शिलाँग लाजाँगविरुद्ध. ऐजॉलला एक गुण पुरेसा होता. पण दहा मिनिटंही झाली नव्हती तोच लाजाँगच्या दिपांडाने गोल केला. तिकडे कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता आणि प्रत्येकाचा एक कान दुसऱ्या शहराकडे होता. मध्यंतर झालं, तासभर झाला, बरोबरी काही होईना. जमील रेषेजवळ येरझाऱ्या घालत होते. सामनाभर एका जागी न बसण्याची त्यांची सवय भारतीय फुटबॉलमध्ये सगळ्यांना पाठ आहे. अखेर 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने चेंडू आत लोटला. उरलेला वेळ ऐजॉलने जीव मुठीत धरून काढला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा तक्त्यावर ऐजॉलचे 37 गुण होते, मोहन बागानचे 36. ईशान्य भारतातला क्लब पहिल्यांदाच देशाच्या सर्वोच्च लीगचा विजेता झाला होता.

त्याच तक्त्याच्या तळाशी दहाव्या क्रमांकावर होता मुंबई एफसी. जमील गेल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात तो पदावनत झाला आणि मग बंदच पडला. डीएसके शिवाजीयन्सही त्याच वर्षी संपला. एका मोसमात महाराष्ट्राने आय-लीगमधले दोन्ही क्लब गमावले, आणि महाराष्ट्राच्या कोचने करंडक उचलला तो मिझोरमसाठी.

बुर्साचा धडा

असं घडणं जगाला अगदीच नवं नव्हतं. तुर्कस्तानात एर्तुग्रुल साग्लाम नावाचा आघाडीपटू होता. काळ्या समुद्राकाठच्या झोंगुलदाकमध्ये 1969 मध्ये जन्मलेला, सामसुनस्पोर आणि मग इस्तंबूलच्या बेशिकताशकडून गोल करणारा. प्रशिक्षक झाल्यावर त्याला बेशिकताशने बोलावलं, पण नोव्हेंबर 2007 मध्ये लिव्हरपूलने त्याच्या संघाचा 8-0 असा धुव्वा उडवला आणि पुढच्या वर्षी त्याला जावं लागलं. जानेवारी 2009 मध्ये त्याने बुर्सास्पोरची सूत्रं घेतली. बुर्सा हे कापडाच्या आणि मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तोवर तुर्की लीगचं विजेतेपद इस्तंबूलचे तीन बडे क्लब आणि ट्राब्झोनस्पोर यांच्या बाहेर कधी गेलं नव्हतं.

16 मे 2010 ला शेवटच्या फेरीत बुर्सास्पोरने बेशिकताशला 2-1 हरवलं आणि फेनरबाचेला ट्राब्झोनने 1-1 असं रोखलं. फेनरबाचेच्या मैदानावर मात्र बुर्साचा सामना बरोबरीत सुटल्याची चुकीची घोषणा झाली. प्रेक्षक विजयोत्सवासाठी मैदानात धावले, आणि मग खरा निकाल कळला. बुर्सास्पोर 75, फेनरबाचे 74. तिथेही अंतर एकाच गुणाचं.

पण बुर्साची पुढची गोष्टही सांगायला हवी. विजेतेपदानंतर क्लब कर्जात रुतत गेला, श्रेणीमागून श्रेणी घसरला आणि 2024 मध्ये तुर्की फुटबॉलच्या चौथ्या स्तरावर जाऊन पोहोचला. एक चांगला कोच एक मोसम पालटवू शकतो. क्लब टिकवायला मात्र हिशेब, मैदान, कुमार संघ आणि शहराची माणसं लागतात.

नंतरची वाट

जमील यांना हे अनुभवाने कळलं होतं. ऐजॉलनंतर ते ईस्ट बंगालकडे आणि मग मोहन बागानकडे गेले. तिथल्या लाखो डोळ्यांच्या दडपणाखाली ऐजॉलची जादू पुन्हा झाली नाही. सुपर लीगचे मालक तोवर स्पेन, पोर्तुगाल, इंग्लंडच्या प्रशिक्षकांपलीकडे पाहत नव्हते. भारतीय माणूस फार तर सहायक. जानेवारी 2021 मध्ये गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडने मोसमाच्या मध्यात आपला परदेशी प्रशिक्षक काढला आणि तात्पुरती सोय म्हणून जमील यांना पुढे केलं. जमील साखळीतला एकही सामना हरले नाहीत आणि त्यांनी संघाला उपांत्य फेरीत नेलं. तिथे मोहन बागानकडून हार झाली, पण त्याच वर्षी क्लबने त्यांना कायमचं मुख्य प्रशिक्षकपद दिलं. सुपर लीगमध्ये हा मान मिळालेले ते पहिले भारतीय.

2023 च्या अखेरीस जमशेदपूर एफसी त्यांच्याकडे आला. 2024-25 मध्ये त्यांनी या संघाला सुपर लीगची उपांत्य फेरी आणि सुपर कपची अंतिम फेरी दाखवली. जमशेदपूर हाही टाटांचा, म्हणजे कारखान्याच्या पाठबळावर उभा राहिलेला क्लब; मुंबईने जे मोडून टाकलं, ते तिथे नव्या रूपात चालू होतं. 1 ऑगस्ट 2025 ला महासंघाने त्यांना भारतीय संघाचं प्रशिक्षकपद दिलं. गोव्याचे सावियो मदेरा यांच्यानंतर, तेरा वर्षांनी, ही जबाबदारी भारतीय माणसाकडे आली होती. पहिल्याच मोहिमेत सीएएफए नेशन्स कपमध्ये भारताने ताजिकिस्तानला आणि पेनल्टींवर ओमानला हरवून तिसरं स्थान मिळवलं. पुढे सिंगापूर आणि बांगलादेशकडून पराभव झाले, 2027 च्या आशिया कपचं दार बंद झालं, टीकाही झाली. ज्या देशातले क्लब तग धरत नाहीत, त्या देशाच्या संघाची दुरवस्था एका कोचला वर्षभरात दुरुस्त करता येणार नाही, हे टीका करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

खान्देशासाठी

आता आपल्याकडे पाहू. 2011 च्या जनगणनेत ऐजॉल शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. धुळे शहराची पावणेचार लाख, जळगावची चार लाख साठ हजार. अख्ख्या मिझोरमची लोकसंख्या अकरा लाखांच्या घरात. एकट्या धुळे जिल्ह्याची साडेवीस लाख, जळगाव जिल्ह्याची बेचाळीस लाखांवर. म्हणजे ‘आपलं गाव छोटं, इथे फुटबॉल कसा वाढणार’ ही सबब चालणार नाही.

मिझोरमने केलं ते इतकंच. 2012 मध्ये राज्याची स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली. तिचे सामने गावातल्या केबल टीव्हीवर दाखवले, म्हणजे पोरगा गोल करतो ते त्याच्या शेजारच्यांनी त्याच रात्री पाहिलं. 2014 मध्ये राज्याने संतोष ट्रॉफी ही आंतरराज्य स्पर्धा जिंकली. ऐजॉलचं विजेतेपद हे या पायावरचं पुढचं बांधकाम होतं. जमील तिथे गेले तेव्हा खेळाडू तयार होते, मैदान तयार होतं, प्रेक्षक तयार होता.

आपल्याकडे जळगाव-धुळ्याचा मुलगा शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग असं चढत जातो. सुब्रतो कपच्या वयोगटातून बाहेर पडला की पुढे पायरीच नाही. पूर्वी निदान आशा होती. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, भुसावळची रेल्वे, या जागा माणसाला नोकरी देत आणि नोकरीच्या आधाराने खेळ तगत असे. गिरण्यांचे भोंगे थांबले. कंपनीच्या पाठबळाने खेळाडू घडतो हे मात्र आजही आपल्याच जिल्ह्यात दिसतं. जैन इरिगेशनने क्रिकेट, कॅरम आणि बुद्धिबळाच्या खेळाडूंना आधार दिला आणि त्यांनी जळगावचं नाव देशाबाहेर नेलं. फुटबॉलला असा आधार हवा आहे.

त्यासाठी आधी करंडकाचं स्वप्न बाजूला ठेवावं. दोन्ही जिल्ह्यांची मिळून एक लीग असावी. पावसाळ्यानंतर ठरलेल्या महिन्यांत, दर रविवारी, न चुकता ती व्हावी. तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालचे संघ प्रत्येक क्लबाला सक्तीचे असावेत. दरवर्षी काही माजी खेळाडूंना महासंघाच्या प्रशिक्षक परवान्याच्या परीक्षेला पाठवावं आणि त्यांचा खर्च कुण्या व्यापाऱ्याने, कुण्या संस्थेने उचलावा. यात कोट्यवधी लागत नाहीत. लागते ती चिकाटी, जिच्या जोरावर मुंबई एफसी सात मोसम पाण्यावर राहिला.

खालिद जमील यांच्याकडे महाराष्ट्राने सर्वात आधी पाहायला हवं होतं. आपण त्यांना क्लब देऊ शकलो नाही, म्हणून ते ऐजॉलला, गुवाहाटीला, जमशेदपूरला गेले आणि तिथल्या पोरांना घडवलं. उद्या अमळनेर, शिरपूर किंवा यावलमधून असाच कुणी कोच निघाला, तर त्याला आपला संघ शोधायला दोन हजार किलोमीटर जावं लागू नये, एवढी तजवीज आपल्या हातात आहे आणि ती आपणच करायची आहे.